ब्रेक म्हणजे फक्त तोडणं नाही, मग नेमका अर्थ लावायचा कसा?

इंग्रजी वाचताना ब्रेक दिसला की आपण डोक्यात लगेच 'तोडणे' धरतो आणि तिथेच घोळ होतो. मी एका गोष्टीत द फीव्हर ब्रोक असं वाचलं होतं, मला वाटलं पोराचा ताप फारच वाढला, आणि पुढच्या ओळीत तो उठून जेवायला बसला तेव्हा कळलं की ताप उतरला होता. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय, ती सांगते.

आधी क्रियापदाकडे बघूच नका, काय ब्रेक झालंय ते बघा. हातात धरता येईल अशी वस्तू असेल तर अर्थ सरळ आहे, फक्त मराठी शब्द नीट निवडायचा, कारण आपल्याकडे काच फुटते, हाड मोडतं, दोरी तुटते आणि इंग्रजीत तिन्हीला ब्रेक चालतं. (फ्रॅक्चर हा शब्दही मुळात याच कुळातला, लॅटिनमधून आलेला.) मशीन असेल तर मात्र तुकडे शोधू नका, माय फोन इज ब्रोकन म्हणजे बहुतेक वेळा फोन बिघडलाय.

वस्तू नसेल तर मराठीतली तीन क्रियापदं लावून बघा, मोडणं, फुटणं आणि थांबणं.

मोडणं सगळ्यात सोपं. ब्रेक अ प्रॉमिस म्हणजे शब्द मोडणं, ब्रेक द रूल म्हणजे नियम मोडणं, विक्रम आणि सवय पण मोडतेच, इतकंच काय मोठी नोट सुटी करायची असली तरी ते ब्रेकच म्हणतात आणि आपणही नोट मोडूनच आणतो.

मला सगळ्यात आवडतं ते फुटणं, कारण इथे काही खराब होत नाही, आत दडलेलं किंवा साचलेलं बाहेर येतं. डे ब्रेक्स म्हणजे तांबडं फुटतं. ब्रेक इनटू अ स्वेट म्हणजे घाम फुटणं. लाट किनाऱ्यावर येऊन फुटते तिलाही ब्रेकच, वयात येताना मुलाचा आवाज फुटतो त्यालाही ब्रेकच आणि चर्चा अडली की कोंडी फोडतात तिथेही हेच क्रियापद. पण बातमीपाशी सांभाळा. आपल्याकडे बातमी फुटली किंवा पेपर फुटला म्हणजे गुपित बाहेर गेलं, त्याला इंग्रजीत लीक म्हणतात. ब्रेक द न्यूज टू हर म्हणजे तिच्या कानावर ती बातमी घालणं, बरेचदा वाईट बातमी, जपून सांगितलेली.

तिसरं थांबणं, म्हणजे सलग चाललेल्या गोष्टीत खंड पडणं. टेक अ ब्रेक, ब्रेक द सायलेन्स हे यातलंच, आणि ब्रेकफास्ट पण, फास्ट म्हणजे उपास, रात्रभराचा उपास सकाळी संपतो म्हणून. इथे मराठीत मोडणं वापरलं तर अर्थच उलटतो, उपास मोडला म्हणजे मधेच काहीतरी खाल्लं, आणि रीतसर संपवला तर आपण उपास सोडला म्हणतो. उच्चार पण बदलतो बरं का, सुटा शब्द ब्रेक असा लांब आणि जोडशब्दात आखूड, ब्रेकफस्ट असा.

मागे छोटा शब्द लागला असेल तर मात्र पूर्ण जोडी एकत्रच धरा. ब्रेक डाऊनचंच बघा, गाडी असेल तर बंद पडली, माणूस असेल तर रडू कोसळलं आणि खर्चाचा आकडा असेल तर तो फोड करून दाखवला. ब्रेक अप, ब्रेक इन, ब्रेक ईव्हन हे पण तसेच पाठ करायचे. ब्रेक ईव्हन म्हणजे नफाही नाही तोटाही नाही.

लिहिताना दोन चुका फार होतात. गाडीचा ब्रेक वेगळा, त्याचं स्पेलिंग बी आर ए के ई, आपण देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो म्हणून गोंधळ होतो. दुसरी चूक भूतकाळाच्या रूपांची, आय एम ब्रोक म्हणजे माझ्याकडे पैसे नाहीत, आणि आय एम ब्रोकन म्हणजे मी आतून खचलेय. एखाद्याला मेसेज करताना एवढं एक अक्षर तपासूनच पाठवा, समोरचा पैसे पाठवेल की धावत भेटायला येईल हे त्याच्यावर ठरतं.