आजोबांचा घोटा
माझ्या स्टॉप-मोशन फिल्ममधले (बाहुला थोडाथोडा हलवत एकेक फोटो, म्हणजे फ्रेम, काढायची) मातीचे आजोबा चालायला लागले की चाळीस-पन्नास फ्रेममध्ये त्यांचा घोटा तुटायचा. आत जुन्या वायरिंगमधली तांब्याची एकेरी तार होती. तांबं सारखं वाकवलं की कडक होतं आणि कटकन मोडतं, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं.

मग १.५ मिमीची मऊ ॲल्युमिनियमची तार आणली, दुहेरी केली, टोकं ड्रिलमध्ये धरून सैलसर पीळ दिला. (घट्ट पिळली की तीही तुटते, पहिली तशीच वाया गेली.) मांडी, पोटरी, छातीवर एम-सील थापलं, गुडघे-घोटे मोकळे. आता वाकतं ते सांध्यातच. माती घसरू नये म्हणून वरून सुती दोरा गुंडाळला. तळव्यात नट बसवला, प्लायवूडखालून बोल्ट आवळला.

आजोबा आता एका पायावरसुद्धा उभे राहतात.