दारू कमी करण्यासाठी मोबाइलची मदत कशी घ्यावी

पिण्याची नोंद ठेवणारे अ‍ॅप निवडण्याआधी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही १० प्रश्नांची चाचणी सोडवावी. ४० पैकी ८ ते १५ गुण आल्यास पिणे धोक्याच्या पातळीवर असते, १६ ते १९ आल्यास ते अपायकारक ठरते आणि २० किंवा अधिक आल्यास शरीर दारूच्या अधीन झाले असण्याची दाट शक्यता असते. अशा व्यक्तीने, किंवा सकाळी घोटभर घेतल्याशिवाय ज्याच्या हातांची थरथर थांबत नाही त्याने, दारू एकाएकी बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि पुढे भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. त्याने आधी गोव्यात बांबोळीला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांना भेटावे. अ‍ॅप त्यानंतर.

दुसरी पायरी मोजमापाची, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. भारतात एक ‘प्रमाणित पेय’ म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल मानतात, पण अमेरिकन अ‍ॅप १४ आणि ब्रिटिश अ‍ॅप ८ ग्रॅम धरते; म्हणून सेटिंगमध्ये हा आकडा आधी पाहावा. मिलीलिटरला टक्केवारीने गुणून १०० ने भागावे आणि आलेल्या संख्येला ०.७९ ने गुणावे, म्हणजे ग्रॅम मिळतात. ४२.८ टक्क्यांच्या फेणीचे ६० मिलीलिटर म्हणजे दोन पेये होतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीलिटरची एक बाटली मात्र चार पेयांच्या घरात जाते, हे ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने अवश्य ध्यानात घ्यावे. भट्टीवरून थेट आणलेल्या हुर्राकावर (काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूवर) टक्केवारी छापलेली नसते. तिथे अंदाज चढाच धरावा, आणि नोंद दुसऱ्या दिवशी आठवून नव्हे, तर ग्लास भरतानाच करावी.

पहिला आठवडा काहीही न बदलता केवळ नोंद ठेवावी. प्रत्येक नोंदीपुढे वेळ, जागा आणि सोबत कोण होते हे लिहिल्यास आपले अवघड प्रसंग स्वतःलाच दिसू लागतात: पगाराचा दिवस, काजूचा हंगाम, शिगमो, कामावरून परतताना वाटेत लागणारा बार. मग आठवड्याची मर्यादा व न पिण्याचे दिवस ठरवावेत, आणि आठवणीचा संदेश त्या अवघड वेळेच्या अर्धा तास आधी येईल असा लावावा. बारमध्ये पोहोचल्यावर आलेला संदेश उपयोगाचा नसतो.

संपर्क यादी किंवा आपण कुठे आहोत हे (लोकेशन) सतत मागणारे अ‍ॅप घेऊ नये. लहान गावात अशी माहिती बाहेर फुटणे फार जिव्हारी लागते. रक्तातील अल्कोहोल सांगणाऱ्या अ‍ॅपवर विसंबून दुचाकीला चावी लावू नये, कारण ते केवळ अंदाज देते.

अ‍ॅप एकट्याने पुरेल, असे मला वाटत नाही. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून मोजक्या भेटींत दिलेल्या मदतीचा चांगला परिणाम २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, म्हणजे आपुलकीने विचारणाऱ्या माणसाचे मोल मोठे आहे. घरातील एका विश्वासू व्यक्तीला आठवड्याचा तक्ता दाखवावा. चार आठवड्यांनंतरही आकडा उतरत नसेल, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत, चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन करून तो तक्ता समोर ठेवूनच बोलावे.