पहिला मोठा माहितीपट एकोणचाळिशीत: तातियाना उएसोकडून काय उचललं आणि कुठे आपटले

माहितीपट करायचेत म्हणणारी पोरं वरचेवर भेटतात. पहिला प्रश्न कॅमेरा कोणता घेऊ, दुसरा पैसे कुठून आणू. तिसरा जरा दबक्या आवाजात येतो: माहितीपट करता करता कधीतरी फीचरकडे, म्हणजे कथापटाकडे, वळता येतं का? तेव्हा मी मेक्सिकोच्या दिग्दर्शिका तातियाना उएसोचं नाव काढते. (आडनाव इंग्रजीत 'एच'पासून लिहितात, पण स्पॅनिश माणूस तो एच गिळतो. मी दोन वर्षं 'ह्युझो' म्हणत होते.)

जन्म १९७२चा, एल साल्वादोरमधला. लहानपणीच मेक्सिकोत आली आणि तिथलीच झाली. मेक्सिको सिटीत सरकारी पैशावर चालणारी एक फिल्म स्कूल आहे, १९७५पासूनची. लांबलचक नावाऐवजी तिथे आद्याक्षरांनी नुसतं 'से-से-से' म्हणतात. उएसो तिथे शिकली. पहिली शॉर्टफिल्म १९९७ची आणि पूर्ण लांबीचा पहिला माहितीपट २०११चा. मधली चौदा वर्षं बोटांवर मोजा. त्यात काही लघुपट, बार्सिलोनाला जाऊन केलेला माहितीपटाचा अभ्यासक्रम, शिकवणं. पहिला मोठा माहितीपट आला तेव्हा ती एकोणचाळीसची. सत्ताविसाव्या वर्षी 'माझं वय गेलं' म्हणत माझ्याकडे चहा प्यायला येणाऱ्यांना मी हा हिशेब आधी मांडून दाखवते, चहा नंतर.

तो पहिला माहितीपट 'एल लुगार मास पेकेन्यो', म्हणजे सगळ्यात लहान जागा. एल साल्वादोरमधल्या सिंकेरा गावाचा. तिथलं यादवी युद्ध १९८० ते १९९२ चाललं, गाव उद्ध्वस्त झालं आणि उरलेली माणसं परत येऊन पुन्हा वसली. असल्या विषयावर आपण काय करतो? माणसाला खुर्चीत बसवतो, मागे रोपाची कुंडी ठेवतो, छातीला लेपल माइक लावतो आणि म्हणतो, 'तुमच्यावर काय बेतलं ते सांगा.' उएसोने मुलाखती फक्त ध्वनीत घेतल्या. पडद्यावर ती माणसं गाई हाकतात, कोंबडीच्या अंड्यांकडे बघतात, जंगलात फिरतात. गोष्ट सांगताना कोणाचे ओठ हलताना दिसत नाहीत. आवाज वरून येतो. मारलेल्यांची गोष्ट ऐकू येते आणि डोळ्यांसमोर असतो आजचा दिवस.

२०१६च्या 'तेम्पेस्ताद'मध्ये तिने हे आणखी ताणलं. विमानतळावर नोकरी करणारी एक बाई, माणसांच्या तस्करीच्या खोट्या आरोपात अडकवलेली. तिला ठेवलं ते उत्तर सीमेवरच्या मातामोरोसच्या तुरुंगात, आणि तिथे सत्ता गुन्हेगारी टोळीची. सुटल्यावर ती बसने देशाच्या दुसऱ्या टोकाला, घरी निघते. प्रवासभर तिचा चेहरा दिसत नाही. खिडकीच्या काचेवरचा पाऊस दिसतो, नाकाबंदीवरचे शिपाई दिसतात, पेंगणारे सहप्रवासी दिसतात. आणि बघता बघता त्या प्रत्येक चेहऱ्यावर आपण तिची गोष्ट ठेवून पाहायला लागतो. दुसरी बाई सर्कशीतली विदूषक, तिची मुलगी बेपत्ता. ही मात्र चेहऱ्यासकट समोर आहे, रंगरंगोटी करते, पोरींना कसरती शिकवते. हा फरक मला तेव्हा कळला नाही. त्याची किंमत पुढे मोजली, ते सांगतेच.

एक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटते. तिची माणसं सहसा बदलत नाहीत. कॅमेरामन एर्नेस्तो पार्दो, ध्वनीची लेना एस्केनाझी. एकाच मंडळींसोबत ती पुन्हा पुन्हा काम करते. तेव्हा कॉलेजात जो मित्र रात्री दोन वाजता तुमच्यासाठी बूम (लांब दांडीचा माइक) धरून उभा राहतो, त्याला सांभाळा. लेन्स भाड्याने मिळते.

आता फीचरचं. २०२१ची 'नोचे दे फुएगो' जेनिफर क्लेमेंट यांच्या कादंबरीवर बेतलेली. डोंगरातलं अफूच्या शेतीचं गाव, टोळ्या पोरी उचलून नेतात, म्हणून आया मुलींचे केस मुलांसारखे कापतात आणि जमिनीत खड्डा खणून त्यात त्यांना लपायला शिकवतात. कान महोत्सवात 'अं सर्तां रगार' विभागात या फिल्मचा खास उल्लेख झाला. पण बघताना जाणवतं की ही बाई अजून माहितीपटच करते आहे. खड्ड्यात पडलेल्या पोरीला वर काय चाललंय ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं; गाडी, बूट, माणसांची बोलणी. वीस वर्षं कान तयार केले ते इथे कामाला आले. आणि फीचर झाल्यावर ती 'बढती' मिळाल्यासारखी तिथेच थांबली नाही. २०२३मध्ये पुन्हा माहितीपट, 'एल एको', पुएब्ला राज्यातल्या डोंगराळ खेड्यातल्या मुलांचा. बर्लिन महोत्सवात त्याला माहितीपटाचा पुरस्कार मिळाला, शिवाय 'एन्काउंटर्स' विभागात दिग्दर्शनाचाही. माहितीपट म्हणजे फीचरच्या आधीची पायरी, हे डोक्यातून काढा.

आता माझं आपटणं. 'तेम्पेस्ताद'ने भारावून मी बीडकडच्या ऊसतोड बायकांवर काम सुरू केलं. सातारा भागातल्या एका फडाशेजारी खोप्या पडल्या होत्या. पहिल्या दिवशी कॅमेरा लावला तर तिथल्या एक बाई पुढाऱ्यासारखं बोलायला लागल्या, 'आमच्या मागण्या अशा आहेत की'. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला नुसता रेकॉर्डर घेऊन चुलीपाशी बसले. भाकरी थापता थापता त्या बोलल्या: मुकादमाची उचल, कोयता म्हणजे नवरा-बायको जोडीनेच मोजतात ते, सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी उचलून ट्रॅक्टरवर चढवली ते. थापण्याचा आवाज आणि शब्द एका लयीत. (रूम टोन घ्यायला विसरले. खोपीतली नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, नाहीतर एडिटला प्रत्येक कापावर खड्डा पडतो. मी दीड दिवस घासला.)

मग उएसोसारखंच, चेहरा न दाखवता वीस मिनिटांचा कट बांधला. उसाचं पाचट, बैलांच्या झुली, धुक्यातला ट्रॅक्टर, वर त्यांचा आवाज. सुंदर दिसत होता, खोटं कशाला बोलू. पुढच्या हंगामात दिवाळीनंतर त्या परत आल्या तेव्हा लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. हेडफोन काढला.

"आवाज माझाच हाय. पण मी कुठंय यात?"

मी म्हटलं, तुम्हाला मुकादमाचा त्रास होऊ नये म्हणून.

"त्याला काय आवाज वळखू येत न्हाई व्हय? अन् मी काय चोरी केलीय का, तोंड लपवायला?"

तेव्हा ती सर्कशीतली बाई आठवली. चेहरा कोणाचा झाकायचा आणि कोणाचा नाही, हे उएसोने बाईगणिक ठरवलं होतं. मी परवानगीच्या कागदावर अंगठा घेतला होता. चेहऱ्याचं विचारलंच नव्हतं.

बाईंनी राखेने हात चोळले, वाढं तोडायला निघाल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "उद्या आण तुझा क्यामेरा. मी जांभळं लुगडं नेसते."