ग्रहणकारी युग्मताऱ्यांचा आवर्तकाल काढताना या चुका टाळा

किरणोत्सव कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावळतीची किरणं अंबाबाईच्या गाभाऱ्याकडे जातात, आणि पुन्हा जानेवारी संपता संपता. वर्षाचं गणित ठाऊक नसलेल्या कुणी या दोनच वेळा टिपून ठेवल्या, तर तो म्हणेल, ‘किरणं ८३ दिवसांनी येतात.’ मग आणखी ८३ दिवस मोजून तो एप्रिलअखेर देवळात जाईल आणि हात हलवत परत येईल. सूर्य दक्षिणेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा त्याच जागी मावळतो. वर्ष एकच, प्रसंग दोन.

ग्रहणकारी युग्मताऱ्यांचं, म्हणजे एकमेकांभोवती फिरताना आळीपाळीनं एकमेकांना झाकणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांचंही असंच आहे. दुर्बिणींच्या सर्वेक्षणांनी टिपलेल्या तेजाच्या नोंदींवरून त्यांचा आवर्तकाल, म्हणजे एका प्रदक्षिणेला लागणारा वेळ, काढताना हीच फसगत होते. एका प्रदक्षिणेत दोन ग्रहणं होतात: आधी हा तारा त्याला झाकतो, मग तो याला. सप्तर्षीतल्या डब्ल्यू अर्सा मेजॉरिसचा आवर्तकाल ०.३३३६ दिवस, म्हणजे आठ तासांचा. त्याची दोन्ही ग्रहणं जवळजवळ सारखीच खोल असतात. नोंदींतून आवर्तकाल शोधणारी लॉम्ब-स्कार्गल ही गणिती पद्धत एका फेरीत एकच चढ-उतार असलेली लाट शोधते, म्हणून अशा ताऱ्याला ती ०.१६६८ दिवस सांगते. तिच्या आलेखातलं सगळ्यांत उंच शिखर, म्हणजे सर्वांत जुळणारा काल, तिथंच असतं आणि ते इतकं सुबक दिसतं की शंकाच येत नाही. मुलं आनंदानं ‘सर, सापडला!’ म्हणत येतात, तेव्हा माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: दुप्पट करून बघ.

दुप्पट कालावर सगळी निरीक्षणं घडी घालून फेरीवर फेरी अशी एकावर एक रचा आणि तेज उतरल्यानं पडलेल्या दोन खळग्यांची खोली ताडून पाहा. एक खळगा दुसऱ्यापेक्षा सातत्यानं खोल असेल, तर दुप्पटच खरा. दोन्ही अगदी सारखे निघाले तर ही जोडी नसून एकटाच स्पंद पावणारा, म्हणजे फुगणारा-आक्रसणारा तारा असू शकतो आणि मग अर्धा कालच खरा; म्हणून रंग बघा. स्पंद पावणारा तारा तेजस्वी होताना निळसर होतो. एकमेकांना चिकटलेल्या जोडीचा रंग फेरीभर फारसा बदलत नाही. झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षणात हिरव्या आणि तांबड्या गाळणीतली (फिल्टरमधली) मोजमापं वेगवेगळी मिळतात, ती इथं उपयोगी पडतात. मात्र दोन गाळण्यांचे आकडे एकाच रांगेत ओतू नका. आसास-एसएन या दुसऱ्या सर्वेक्षणाची २०१८ च्या आसपास बदललेली गाळणीही ध्यानात ठेवा, नाहीतर गाळणीचा फरक ताऱ्याच्या माथी बसतो.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे आणि ती अजून टोचते. ययाती तारकासमूहातल्या अल्गोलच्या जातीचा तारा होता. अल्गोल २.८६७ दिवसांतून एकदा सुमारे दहा तास मंदावतो, २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतो (प्रत हे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद). बाकीचा बहुतेक वेळ जवळजवळ स्थिर. अशा ताऱ्याच्या नोंदींत मंद बिंदू मोजकेच असतात. मी ते ‘खराब निरीक्षणं’ समजून संगणकाच्या आपोआप गाळणाऱ्या आज्ञेनं काढून टाकले. ग्रहणच उडवलं, मग आवर्तकाल कुठून मिळणार? सरासरीच्या खाली गेलेला बिंदू काढण्याआधी सर्वेक्षणानं त्याला दिलेली गुणवत्ता-खूण वाचा. अशा अरुंद खळग्यांसाठी लॉम्ब-स्कार्गलपेक्षा चौकोनी खळगा शोधणारी बीएलएस पद्धत वापरा.

आता दिवस-रात्रीचा फास. डब्ल्यू अर्सा मेजॉरिसच्या तीन फेऱ्यांना १.०००९ दिवस लागतात. राजारामपुरीतल्या गच्चीवरून रोज रात्री नऊ वाजता तो बघितला तर कित्येक आठवडे फेरीतली जवळपास तीच अवस्था दिसेल आणि तारा स्थिर वाटेल. कॅलिफोर्नियातल्या पालोमारवरच्या झेडटीएफच्या दुर्बिणीलाही फक्त तिथली रात्रच मिळते, म्हणून अशा सर्वेक्षणात एका दिवसाशी नातं सांगणारी खोटी शिखरं उगवतात. यावर उतारा म्हणजे टेस उपग्रह. तो आकाशाचा एक पट्टा सुमारे २७ दिवस जवळपास अखंड बघतो. मात्र त्याचा एक पिक्सेल २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असल्यामुळे शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाशही त्यात मिसळतो; म्हणून खळगा शेजाऱ्याचा नाही ना, हे तपासावंच लागतं.

शोधाची जाळीही, म्हणजे तपासायच्या आवर्तकालांमधलं अंतर, बारीक हवी. २००० दिवसांच्या नोंदींत आठ तासांच्या ताऱ्याच्या सुमारे ६००० फेऱ्या होतात. आवर्तकालात ०.००००१ दिवसाची, म्हणजे सेकंदाहूनही कमी चूक राहिली, तरी शेवटी ०.०६ दिवस साचतात. ते फेरीच्या जवळजवळ पाचव्या भागाइतके झाले, आणि घडी फिसकटते.

वेळेचा स्तंभ नीट वाचा. ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांची सलग मोजणी, येण्यासाठी टेसच्या वेळेत २४५७००० मिळवायचे असतात, सुधारित ज्युलियन दिनांकात २४०००००.५. तो अर्धा दिवस हमखास विसरला जातो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून प्रकाश ८.३ मिनिटांपर्यंत आधी किंवा उशिरा पोचतो. ती दुरुस्ती केली आहे की नाही, हेही बघा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश झाकलेलं असतं, तेव्हाच हे काम हाती घ्या. निघालेल्या आवर्तकालावरून डिसेंबरमधल्या एका ग्रहणाची वेळ काढून वहीत लिहा. थंडीत पन्हाळ्यावर कॅमेरा लावून त्या वेळेच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत तारा टिपा. अर्ध्या कालाचा संशय असेल तर लागोपाठची दोन ग्रहणं टिपा आणि त्यांची खोली शेजारी-शेजारी मांडा.