तळ्यातला भुंगेरा आणि वाळवंटातला भुंगेरा: तुलना कशी करावी

दोन भुंगेरे शेजारी ठेवले की नजर आधी रंगावर आणि आकारमानावर जाते. त्यातून फारसे काही कळत नाही. एकेक अवयव घ्या आणि तो दोघांच्या कोणत्या कामी येतो ते पाहा. उदाहरणादाखल युरोपातल्या तळ्यांतला डायटिस्कस मार्जिनॅलिस (सुमारे ३० मिमी) आणि नामिब वाळवंटातला ओनिमॅक्रिस अनग्विक्युलॅरिस घेऊ.

१० पट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी, बारीक चिमटा आणि टाचणी पुरे. वाळलेले नमुने ओलसर कागद घातलेल्या बंद डब्यात दिवसभर ठेवून मऊ करा, नाहीतर पाय तुटतात. फार दिवस ठेवले तर बुरशी धरते.

सुरुवात पाठीपासून करा, कारण खरी गंमत तिथेच आहे. टाचणीच्या टोकाने वरचे कडक पंख हलकेच उचला. डायटिस्कसचे पंख उघडतात. खाली उडायचे पातळ पंख आणि त्यांच्याखाली पोटावरची श्वसनछिद्रे दिसतात. ओनिमॅक्रिसचे कडक पंख एकमेकांना जुळलेले असतात. जोर लावू नका, तडा जातो. आत पाहायचेच असेल तर कडेने कापा. तिथेही पोकळी आहे आणि श्वसनछिद्रे तिच्यातच उघडतात. पहिला या जागेत पाण्याखाली लागणारी हवा साठवतो, तर दुसऱ्याची वाफ आतच राहून अंगातले पाणी वाचते.

मग मागचे पाय. डायटिस्कसचे पाय चपटे, केसांची झालर असलेले. कोरड्या नमुन्यात हे केस चिकटून बसतात आणि नसल्यासारखे वाटतात. पाय पाण्याच्या थेंबात बुडवा, झालर पसरते. ओनिमॅक्रिसचे पाय लांब आणि सडपातळ. पावलांचे खंडही पुढचा, मधला, मागचा पाय या क्रमाने मोजा: डायटिस्कसचे ५-५-५, ओनिमॅक्रिसचे ५-५-४. खंड तुटलेला असू शकतो, म्हणून दोन्ही बाजू मोजा.

सर्वांत जास्त फसवते ते लिंग. डायटिस्कसच्या नराच्या पुढच्या पावलांवर चिकटणाऱ्या गाद्या असतात, तर मादीच्या पंखांवर बहुधा खोल रेघा. नराशेजारी मादी ठेवलीत तर हा फरक अधिवासाच्या खात्यात जमा होतो.

वागणूक मात्र वेगळ्या रकान्यात लिहा. धुक्यात वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर डोके खाली करून उभे राहायचे आणि अंगावरून तोंडाशी ओघळणारे पाणी प्यायचे, ही ओनिमॅक्रिसची रीत टाचलेल्या नमुन्यावरून ओळखता येत नाही.