लॅपटॉपचा कीबोर्ड घरी बदलताना

आधी जुना कीबोर्ड खरंच गेलाय का ते बघा. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून त्यावर बंद पडलेली बटणं चालली आणि आतल्यावर बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) स्क्रीनमध्येही चालत नसतील, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र आतलं एखादं बटण दाबलेलंच अडकलं असेल तर बाहेरचा कीबोर्डही वेड्यासारखा वागतो. बटणं आत उभ्या-आडव्या तारांच्या जाळीने जोडलेली असतात, म्हणून एक तार तुटली की ठरावीक बटणांचा गट एकदम जातो. तो गट शेजारशेजारचा असेलच असं नाही.

नुसत्या मालिकेच्या नावावर कीबोर्ड मागवला की हमखास फसगत होते, कारण एकाच नावाखाली कितीतरी वेगळी मॉडेल्स असतात. डेलचा सर्व्हिस टॅग, लेनोवोचा चार अक्षरी मशीन टाइप किंवा एचपीचा प्रॉडक्ट नंबर खालच्या लेबलवर शोधा. तो नंबर आणि ‘सर्व्हिस मॅन्युअल’ हे शब्द इंग्रजीत टाकून शोधलं की कंपनीची पीडीएफ बहुधा सापडते. लेनोवो तिला ‘हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल’ म्हणते, एचपी ‘मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड’. आयफिक्सिट या दुरुस्तीच्या वेबसाइटवर फोटोंसह पायऱ्या मिळतात. व्हिडिओ बघायचा तर अगदी त्याच मॉडेलचा बघा. कुणाला ऑनलाइन विचारायचं असेल तर पूर्ण मॉडेल नंबर आणि कनेक्टरचा स्पष्ट फोटो द्या. नुसतं ‘कीबोर्ड चालत नाही’ म्हटल्यावर कुणी काय सांगणार?

मॅन्युअलमध्ये सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा: कीबोर्ड वरून निघतो की नाही. वरून निघणारा असेल तर काम अर्ध्या तासाचं. पामरेस्टला (कीबोर्डभोवतीच्या, मनगट टेकायच्या वरच्या भागाला) प्लास्टिकच्या वितळवलेल्या खिळ्यांनी पक्का केलेला असेल, तर मदरबोर्डसकट (मुख्य सर्किट बोर्डासकट) सगळं बाहेर काढावं लागतं, ते डझनावारी खिळे कापावे लागतात आणि नवा कीबोर्ड सोल्डरिंग आयर्नने पुन्हा बसवावा लागतो. एवढ्या खटाटोपापेक्षा कीबोर्ड बसवलेला अख्खा पामरेस्ट घेणं शहाणपणाचं. २०१२ पासूनच्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये तर बॅटरीही वरच्या केसला चिकटवलेली असते. तिथे नवख्याने हात न घातलेलाच बरा.

मागवताना जुन्या कीबोर्डच्या पाठचा पार्ट नंबर जुळवा. एंटर आडवा की उभा, हेही बघा. बॅकलाइट (बटणांखालचे दिवे) असेल तर कीबोर्डच्या मुख्य रिबनशिवाय (चपट्या केबलशिवाय) सहसा दुसरी, बारीक रिबन असते. मदरबोर्डवर तिचा कनेक्टरच नसेल तर बॅकलाइटवाला कीबोर्ड घेऊन दिवे लागणार नाहीत.

आता उघडा. चार्जर काढा, मशीन पूर्ण बंद करा, बॅटरी काढा. बॅटरी आत असेल तर मागचं झाकण काढल्यावर आधी तिचाच कनेक्टर सोडवा. स्क्रू कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून जागच्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर पामरेस्टला टेंगूळ येतं, नाहीतर मदरबोर्डच्या तारा तुटतात. वरून निघणाऱ्या कीबोर्डच्या खिट्ट्या प्लास्टिकच्या जुन्या कार्डने सोडवा. स्क्रूड्रायव्हरने कडा फाटतात.

कीबोर्ड सुटला म्हणून झटकन उचलू नका, खाली रिबन असते. कनेक्टरची पट्टी दोन तऱ्हेची असते: एक नखाने वर उघडते, दुसरी दोन्ही टोकांनी एक-दोन मिलिमीटर बाहेर सरकते. सरकणारीला वर उचललं की ती तुटते आणि कनेक्टर निकामी होतो. घरच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. नवी रिबन सरळ, तळापर्यंत घाला. बरोबर बसली की तिच्यावरची आडवी रेघ कनेक्टरच्या कडेला समांतर दिसते. मगच पट्टी बंद करा.

स्क्रू लावण्याआधी बॅटरी जोडून मशीन सुरू करा आणि प्रत्येक बटण दाबून बघा. काहीच चालत नसेल किंवा भलतीच अक्षरं उमटत असतील, तर मशीन बंद करून बॅटरी पुन्हा सोडवा. बहुतेक वेळा रिबन केसभर तिरकी गेलेली असते.