जुन्या क्लासिक गाडीला मोठे अलॉय टाकताना

ओरिजिनल डिझाइनचेच पण एक इंच मोठे अलॉय (मिश्रधातूची व्हील्स) जुन्या गाडीवर फार देखणे दिसतात, १३ चे १४ केले की गाडीचा चेहरा तोच राहतो आणि चांगले टायर मिळायलाही सोपं जातं. पण नुसता पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळला म्हणून व्हील घेऊ नका, ऑफसेट (व्हील किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधल्या भोकाचं माप पण बघा, भोक गाडीच्या हबपेक्षा (ज्यावर व्हील बसतं तो भाग) मोठं असेल तर फट भरायला हब रिंग लागते नाहीतर स्पीडला स्टिअरिंग थरथरतं.

टायरची बाहेरची उंची जवळपास तेवढीच राहिली पाहिजे, म्हणजे १८५/७० आर १३ (१८५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, १३ इंची व्हील) काढून १९५/६० आर १४ टाकला तर दोन्ही साधारण ५८९ मिमी भरतात, स्पीडोमीटर पण बरोबर दाखवतो. यापेक्षा रुंद टायरचा मोह नको, पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी पार्किंगमध्ये हात दुखवते आणि बेअरिंगवर पण लोड येतो.

नट-बोल्ट हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि नेमका तोच राहतो! स्टील व्हीलचे नट अलॉयला चालतीलच असं नाही, बसायची जागा कोनाची आहे की गोल ते बघून तसेच घ्या. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फुल वळवून, मागे माणसं बसवून टायर कुठे घासतोय का तपासा, आणि ५० ते १०० किमी चालवून नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) परत चेक करा. जुनी व्हील्स मात्र विकू नका हं, ओरिजिनल सेटला पुढे खूप मान असतो.